उतारावरचा ट्रॅक्टर आणि चार बोल्ट

आपल्या हॉस्टेलच्या कुठल्याही विंगमध्ये जा, ‘आमच्या घरी ट्रॅक्टर आहे’ असं सांगणारे निदान चार-पाच जण तरी भेटतातच. त्यातले निम्मे दहावीच्या आधीच तो चालवायला शिकलेले असतात. मीही त्यातलाच. आधी मडगार्डवर बसून, मग आप्पांच्या (म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांच्या) मांडीवर बसून आणि नववीत असताना एकट्याने. ‘ट्रॅक्टरला काय शिकायचंय? गिअर टाका, क्लच सोडा, चालला!’ असं मलाही वाटायचं. मेकॅनिकलला प्रवेश मिळाल्यावर तर गावात मी ‘इंजिनिअर’ झालोच होतो. अजून पहिल्या वर्षाचं मॅथ्स सुटायचं होतं, ही गोष्ट वेगळी!

हा लेख एका अगदी छोट्या विषयावर आहे : डोंगरउतारावर ट्रॅक्टरने गवत कापणे. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे हे कोण करतं? बघा जरा आजूबाजूला. कोकणातल्या आंबा-काजूच्या बागा बहुतेक उतारावरच असतात. सातारा-कोल्हापूरच्या पश्चिमेला वैरणीची रानं डोंगराला टेकलेली आहेत. धरणांच्या आणि कालव्यांच्या भरावांवर गवत वाढतं. आणि वणवा पसरू नये म्हणून टेकडीवर जाळरेषा काढायची तर आधी गवत कापावं लागतं. पूर्वी हे सगळं विळ्याने व्हायचं. आता गावातली तरणी पोरं पुण्या-मुंबईला, विळा धरणारे हात कमी, म्हणून ट्रॅक्टरच्या मागे स्लॅशर लावून काम उरकायची पद्धत आली. काम वाईट नाही. पण सपाट रानातला ट्रॅक्टर आणि उतारावरचा ट्रॅक्टर ही दोन वेगळी यंत्रं आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

काय झालं

आमचं गाव पाटण तालुक्यात. घराच्या वर डोंगराला लागून आमचं गवताचं रान आहे. मागच्या वर्षी दिवाळीनंतर आप्पांनी भाड्याने स्लॅशर आणला आणि गवत कापायला घेतलं. उताराला आडवे पट्टे मारत होते. पहिले तीन पट्टे बिनबोभाट झाले. चौथ्या पट्ट्याच्या टोकाला त्यांनी ट्रॅक्टर वरच्या बाजूला वळवला, आणि वरचं मागचं चाक गवतात लपलेल्या वारुळावर चढलं. आप्पा आजही सांगतात, “मला वाटलं आता खाली बसंल परत. तेवढ्यात आभाळ खाली आन् जमीन वर!” ट्रॅक्टर एक कोलांटी खाऊन ऐनाच्या झाडाला अडकला. आप्पांची मांडी आणि खुबा चाकाखाली. जीव वाचला, तो त्या झाडामुळे. आज ते काठी घेऊन चालतात. ट्रॅक्टरवर चढणं मात्र संपलं.

आता माझा भाग. ट्रॅक्टर घेतला तेव्हा त्याला सीटच्या मागे उलट्या यू आकाराची लोखंडी कमान होती. इंग्रजी आद्याक्षरांनी तिला रोप्स म्हणतात, बोलीत रोल-बार. ती आमच्या पत्र्याच्या शेडच्या तुळईला लागायची. ट्रॅक्टर रोज बाहेर ठेवावा लागायचा. मे महिन्याच्या सुट्टीत मी पाना घेतला, चार बोल्ट खोलले आणि कमान काढून शेडच्या कोपऱ्यात उभी केली. “शोभेचीच असते ती,” असंही वर सांगितलं. आप्पांनी ऐकलं. पुतण्या इंजिनिअर ना!

हे लिहिण्याचं कारण सहानुभूती मिळवणं हे नाही. झालेल्या प्रकाराचं गणित आपल्यातला कुणीही दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी करू शकतो. मीही केलं, पण नंतर. तुम्ही आधी करावं म्हणून हा खटाटोप.

कागदावरचा कोन

अप्लाइड मेकॅनिक्समध्ये आपण ठोकळा उतारावर ठेवतो. गुरुत्वमध्यातून सरळ खाली काढलेली रेषा पायाच्या बाहेर गेली की ठोकळा कलंडतो. ट्रॅक्टरचंही तेच, पण एक मेख आहे. ट्रॅक्टरला चाकं चार असली तरी पाया चौकोनी नसतो, त्रिकोणी असतो! कारण पुढचा ॲक्सल मधोमध एका पिनेवर झुलतो. खाचखळग्यात चारही चाकं जमिनीला लागावीत म्हणून ही सोय केलेली आहे. पण त्यामुळे कलंडण्याच्या सुरुवातीला पुढची चाकं काहीच आधार देत नाहीत. आधाराचे बिंदू तीन : मागची दोन चाकं आणि पुढची ती पिन. पुढच्या ॲक्सलचं झुलणं एका मर्यादेनंतर अडतं खरं, पण तोवर ट्रॅक्टरने वेग घेतलेला असतो.

४५ एच.पी.च्या आसपासच्या ट्रॅक्टरचे ढोबळ आकडे घेऊ. वजन २ टन. मागच्या चाकांमधलं अंतर १.४ मीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सें.मी. उंच आणि मागच्या ॲक्सलच्या ७० सें.मी. पुढे. ॲक्सल ते ॲक्सल १.९ मीटर. पुढची पिन अर्धा मीटर उंच. त्रिकोण काढून हिशोब केला तर उत्तर येतं सुमारे ३८ अंश. म्हणजे ट्रॅक्टर ३८ अंशांच्या उतारावर आडवा उभा राहील आणि त्यापुढे कलंडेल. कुणी म्हणेल, मग १९ अंश म्हणजे अगदीच निवांत, निम्म्यावर!

आणि इथेच फसगत होते. ३८ हा आकडा स्थिर ट्रॅक्टरचा आहे. गुळगुळीत, कडक, टेबलासारख्या उतारावरचा. रानातला हिशोब असा चालतो :

आमच्या रानाचा उतार नंतर मोजला, १९ अंश.

वारूळ २५ सें.मी. उंच. वरचं चाक तेवढं उचललं गेलं की १.४ मीटर रुंदीवर आणखी १० अंश. बेरीज २९.

वळण. ताशी ८ कि.मी. वेग आणि ४ मीटर त्रिज्या धरली तर केंद्रोत्सारी बल वजनाच्या सुमारे साडेबारा टक्के येतं. कोनाच्या भाषेत ७ अंश. वरच्या बाजूला वळताना हे बल खालच्या बाजूला ढकलतं. बेरीज ३६.

खालच्या टायरवर जास्त भार आला, तो ३ सें.मी. दबला. आणखी १ अंश. बेरीज ३७.

अशी कोनांची सरळ बेरीज करणं तंतोतंत बरोबर नाही, व्हायव्हात सर पकडतील. पण अंदाजाला ती पुरते. वारुळावर चढताना बसलेला धक्का यात धरलेलाच नाही. तो एक अंशही पुरेसा होता.

आता यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट. सीटवर बसलेल्या माणसाला ट्रॅक्टर २९ अंशांवरही ‘पक्का’च वाटतो. कलंडायच्या आधी तो कुरकुरत नाही, दिवा लावत नाही. पहिले तीन पट्टे नीट गेले, हा चौथ्या पट्ट्याचा पुरावा नव्हता. तिथे फक्त वारूळ नव्हतं. म्हणून उतारावर जायचं की नाही हे वर चढून, ‘बघू जमतंय का’ म्हणून ठरवायचं नसतं. ते खाली उभं राहून, मोजून ठरवायचं असतं.

वेगाचंही एक बघा. ताशी ८ ऐवजी १६ कि.मी.ने तेच वळण घेतलं तर बल दुप्पट नाही, चौपट होतं. ७ अंशांचे थेट २७ अंश होतात. मग उतार असो वा नसो, ट्रॅक्टर सपाट रस्त्यावरही आडवा होण्याच्या वाटेवर असतो.

अंश आणि टक्के

इथे अनेकांचा घोटाळा होतो. ४५ अंश म्हणजे १०० टक्के उतार. १५ अंश म्हणजे २७ टक्के, २० अंश म्हणजे ३६ टक्के. कुणी ‘३० चा उतार’ म्हणालं तर ३० काय, ते आधी विचारा. ३० टक्के म्हणजे साधारण १७ अंश, आणि ३० अंश म्हणजे ५८ टक्के. फरक जिवावरचा आहे.

मोजायला लॅब लागत नाही. एक मीटर लांबीची सरळ फळी घ्या, एक टोक उताराच्या वरच्या बाजूला टेकवा, गवंड्याच्या लेव्हलने ती आडवी धरा. दुसऱ्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर २७ सें.मी. आलं तर उतार १५ अंश. ३६ आलं तर २० अंश. नाहीतर इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा कोनमापक, दोरा आणि त्याला बांधलेला नट असा ओळंबाही चालतो. मोबाईलमधल्या लेव्हलच्या ॲपनेही काम होतं, मात्र मोबाईल खुद्द जमिनीवर न ठेवता सरळ फळीवर ठेवा. आणि रानाचा सरासरी उतार मोजून समाधान मानू नका. सर्वात उभा तुकडा शोधून तो मोजा.

माझ्यापुरता मी नियम केला आहे : साध्या ट्रॅक्टरने १५ अंशांच्या वर आडवं जायचं नाही. तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत याहून कमी आकडा दिला असेल तर तो पाळा. पुस्तिका सीटखालच्या पेटीत तेलकट होऊन पडलेली असते. एकदा काढून वाचाच.

मागे उलटणं

आडवं नाही जायचं, तर मग सरळ उभं चढू, असा विचार येतो. तिथे दुसरा धोका आहे. इंजिन मागच्या ॲक्सलला पिळतं तेव्हा चाकं पुढे फिरतात. पण चाक खड्ड्यात किंवा दगडाला अडलं आणि फिरेना, तर तोच पीळ ट्रॅक्टरचं नाक वर उचलतो.

सपाट जमिनीवर गुरुत्वमध्य मागच्या चाकाच्या टेकूच्या ७० सें.मी. पुढे असतो, म्हणून नाक खाली राहतं. २० अंशांच्या चढावर हे ७० सें.मी. कमी होऊन ४० राहतात. मागे ३०० किलोचा स्लॅशर उचलून धरला असेल तर जेमतेम २० सें.मी. उरतात. अशात क्लच झटक्याने सोडला की नाक उचललं जातं. सुमारे पाऊण सेकंदात ट्रॅक्टर अशा ठिकाणी पोचतो की मग क्लच दाबूनही उपयोग नाही, आणि दीड सेकंदात तो पूर्ण उलटा. माणसाला काय घडतंय ते कळून पाय क्लचवर जायलाच साधारण तेवढा पाऊण सेकंद लागतो. ‘मी उडी मारीन’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

म्हणून उभा चढ असेल तर रिव्हर्समध्ये वर जायचं आणि पुढे तोंड करून खाली यायचं. पुढे वजनाच्या पट्ट्या लावायच्या. अवजार लावल्यावरही एकूण वजनाच्या निदान २० टक्के भार पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग नुसतंच फिरतं. आणि काही ओढायचं असेल तर ते खालच्या ड्रॉबारलाच. टॉप लिंकच्या जागी साखळी अडकवून ओंडका ओढणं म्हणजे ट्रॅक्टरला स्वतःच्या हाताने मागे ओढून पाडणं.

उतरताना

डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करण्याची आपल्याकडे फार सवय आहे. क्लच दाबला किंवा न्यूट्रल केलं की इंजिनचा लगाम सुटतो. मग दोन टनांचं धूड फक्त ब्रेकवर, आणि ओलं गवत असेल तर ब्रेकही फक्त चाक थांबवतो, ट्रॅक्टर नाही. ज्या गिअरने चढावं लागेल त्याच गिअरने उतरावं, आणि गिअर वरच, सपाटीला टाकावा.

ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक वेगळे असतात. शेतात आखूड वळण घ्यायला ते उपयोगी पडतात. उतारावर मात्र दोन्ही पेडल जोडणारी कडी अडकवलेलीच हवी. नाहीतर घाईत एकाच पेडलवर पाय पडतो, एकच चाक थांबतं आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरून आडवा होतो.

डिफरन्शियलची एक गंमत थिअरी ऑफ मशिन्समध्ये शिकतो, ती इथे जिवावर येते. आडव्या उतारावर वरचं चाक हलकं होतं. इंजिनने रोखून धरायचं म्हटलं तर हे हलकं चाक घसरून उलटं फिरू शकतं, आणि मग खालचं चाक मोकळं सुटतं. गिअरमध्ये असूनही ट्रॅक्टर धावायला लागतो. चारही चाकांना इंजिन जोडलेलं असेल, म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह, तर हा धोका बराच कमी होतो. म्हणून उतरतानाही ते चालूच ठेवावं.

गवत स्वतः

गवत हे कामाचं कारण आहे तसंच संकटाचंही. ते वारूळ, दगड, बिळं, चर सगळं झाकतं. ओलं असेल तर घसरतं. घर्षण गुणांक ०.४ धरला तर २२ अंशांवर ट्रॅक्टर नुसता उभाही राहत नाही, घसरतो. दव किंवा पाऊस असेल तर त्याच्याही आधी. घसरताना वाटतं, कलंडला तर नाही! पण घसरणारं चाक खाली दगडाला अडलं की ट्रॅक्टर त्यावरून उलटतो. कापून पडलेल्या गवतावरूनही चाक तसंच सरकतं. म्हणून दव पूर्ण वाळल्याशिवाय सुरुवात नको.

स्लॅशरचंही थोडं. दीड मीटरचं पातं मिनिटाला ९०० फेरे घेत असेल तर टोकाचा वेग ताशी सुमारे २५० कि.मी. होतो. त्याने उडवलेला खडा आणि बंदुकीची गोळी यात जखमी माणसाला फरक कळत नाही. खालच्या अंगाला कुणी गुरं वळत असेल तर मशिन बंद. आणि पी.टी.ओ.चा शाफ्ट ५४० फेऱ्यांनी, म्हणजे सेकंदाला ९ वेळा फिरतो. धोतर, उपरणं, लोंबती बाही त्यात अडकली तर ‘अरे’ म्हणेपर्यंत चार-पाच वेढे बसलेले असतात. त्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण फुटलं असेल तर आधी ते बदला. अडकलेलं गवत काढायला उतरण्याआधी पी.टी.ओ. बंद, इंजिन बंद, चावी खिशात.

ती कमान कशासाठी?

आता मी काढलेल्या त्या कमानीकडे येतो. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना संरक्षक सांगाडा सक्तीचा केला. तिथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू पुढच्या काही दशकांत जवळपास संपले. अमेरिकेत जॉन डिअर कंपनीने १९६६ मध्ये अशी कमान बाजारात आणली आणि तिचं पेटंट इतर कंपन्यांनाही मोफत वापरू दिलं. १९७६ मध्ये तिथे नोकरदार चालवणार असलेल्या नव्या ट्रॅक्टरांना ती कायद्याने बंधनकारक झाली.

ही कमान ट्रॅक्टर उलटू देत नाही, असं नाही. ती दोन कामं करते. बहुतेक वेळा ट्रॅक्टर ९० अंशांवर आडवा पडून थांबतो, कोलांट्या खात नाही. आणि उलटलाच तरी चालकाभोवती थोडी जागा शिल्लक राहते. त्या जागेत चालकाने राहिलं पाहिजे, म्हणून सीट बेल्ट. कमान उभी असेल तर बेल्ट लावायचाच. कमान नसेल किंवा दुमडलेली असेल तर बेल्ट लावायचा नाही, कारण मग तो तुम्हाला दोन टनांखाली बांधून ठेवेल. दोन्ही मिळून एकच वस्तू समजा.

तिची चाचणी वाचून मला स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्सचा पेपर पहिल्यांदा खरा वाटला. एका पद्धतीत २ टनांचा लोलक झुलवून कमानीवर आदळतात. कमान वाकली तरी चालते. किंबहुना वाकूनच ती ऊर्जा पचवते. पण चालकाच्या जागेत ती शिरता कामा नये. हा सगळा हिशोब ठरावीक पोलाद, ठरावीक जोड आणि ठरावीक बोल्ट धरून केलेला असतो. म्हणून कमानीला भोक पाडून दिवा लावणं, वेल्डिंगने हूक जोडणं, एकदा वाकलेली सरळ करून परत लावणं, हे सगळं चुकीचं. गावच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पाइप वाकवून घेतलेली कमान म्हणजे कमान नव्हे. उन्हासाठी लावलेलं छत तर नव्हेच नव्हे.

जिथे हे रोजचं काम आहे

आल्प्सच्या डोंगरात शेतकऱ्यांचं हे पिढ्यान् पिढ्यांचं काम. हिवाळ्यात गुरांना लागणारं गवत उन्हाळ्यात उतारांवरून कापायचं. न कापलेलं लांब गवत हिवाळ्यात आडवं पडतं आणि त्यावरून बर्फ सहज घसरतो, हेही एक कारण. म्हणजे ‘उतारावर जाऊच नका’ म्हणून त्यांचं भागत नाही. मग ते काय करतात?

ते यंत्र बदलतात. स्वित्झर्लंडमधली आयबी, ऑस्ट्रियातली रिफॉर्म अशा कंपन्या फक्त उतारासाठी बुटकी, रुंद यंत्रं बनवतात. गुरुत्वमध्य खाली, चारही चाकं सारखी आणि चारही ओढणारी, कापणी यंत्र पुढे. त्याहून उभ्या जागी माणूस मागे चालतो आणि खिळ्यांची चाकं असलेलं छोटं मशिन पुढे. त्याहून उभ्या जागी लांब दांड्याचं कोयतं, पायाखाली खिळ्यांचे बूट. स्वित्झर्लंडचं सरकार तर उतारावरच्या शेतीला वेगळं अनुदान देतं : १८ ते ३५ टक्के, ३५ ते ५० टक्के आणि ५० टक्क्यांच्या वर असे तीन टप्पे. उतार वाढला की कष्ट वाढतात, हे त्यांनी कागदावर मान्य केलं आहे. आमचं रान १९ अंश, म्हणजे ३४ टक्के. पहिल्या टप्प्याच्या अगदी काठावर. आणि आम्ही तिथे उसाच्या सऱ्यांसाठी चाकं अरुंद केलेला साधा ट्रॅक्टर घेऊन गेलो होतो.

आपल्याला ती महाग यंत्रं परवडणार नाहीत. पण त्यामागचा विचार फुकट आहे. मागची चाकं १.४ ऐवजी १.७ मीटरवर घेतली तर आपला ३८ चा आकडा ४४ च्या जवळ जातो. रिम उलटी करून बसवायची, एवढंच काम, एका दुपारचं. मागच्या टायरमध्ये पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात पाणी भरलं की वजन खाली येतं. आणि जो तुकडा जास्तच उभा आहे तो विळ्यासाठी सोडून द्यायचा. चार भारे गवत कमी मिळेल.

लक्षात ठेवायच्या दहा गोष्टी

१. आधी रान पायी फिरा. काठीने गवत चाचपा. वारूळ, दगड, चर दिसेल तिथे फडकं बांधलेली काठी रोवा.

२. सर्वात उभा तुकडा मोजा. मर्यादेबाहेर असेल तर तिथे ट्रॅक्टर नको.

३. चाकं जास्तीत जास्त रुंद करा, पुढे वजन लावा, दोन्ही ब्रेक कडीने जोडा.

४. कमान उभी, बोल्ट घट्ट, बेल्ट लावलेला.

५. जिथे शक्य तिथे वरून खाली कापत या. परत वर जायला सौम्य वाट शोधा, भले लांबची असो.

६. आडवं जावंच लागलं तर हळू, आणि वळताना उताराच्या दिशेने, रुंद वळण घेऊन. वरच्या बाजूला आखूड वळण कधीच नको.

७. अवजार जमिनीला जितकं जवळ तितकं बरं. उचलून वळू नका.

८. बांधाच्या, चराच्या, कालव्याच्या कडेला चिकटून जाऊ नका. कडा जितकी खोल, निदान तितकं अंतर ठेवा.

९. मडगार्डवर कुणीही नाही. भाचा रडला तरी नाही.

१०. एकट्याने, कुणाला न सांगता जाऊ नका. संध्याकाळी दमल्यावर ‘एवढा एक पट्टा’ म्हणून थांबू नका. बहुतेक वेळा तोच पट्टा महागात पडतो.

शेवटी

अपघातानंतर महिनाभराने गावी गेलो तेव्हा आप्पा पलंगावर होते. ट्रॅक्टर दुरुस्त होऊन आला होता. मी शेडच्या कोपऱ्यातली कमान काढली, गंज घासला, नवे बोल्ट आणले आणि ती जागेवर बसवली. मग शेडची तुळई एक फूट वर घेतली. दोन गवंडी, एक सुतार, दीड दिवस. एवढंच काम होतं ते. मे महिन्यातच करता आलं असतं.

आप्पा खिडकीतून बघत होते. मी आत गेल्यावर एवढंच म्हणाले, “बोल्ट किती लागले रं?”

“चार,” म्हटलं.

ते पुढे काही बोलले नाहीत. मीही नाही.

मित्रांनो, या सुट्टीत घरी जाल तेव्हा एक काम करा. ट्रॅक्टरची कमान जागेवर आहे का बघा. दुमडलेली असेल तर उभी करा. शेडला लागत असेल तर शेड बदला. आणि घरात कुणी विचारलंच, ‘तू इंजिनिअर ना, ही काढली तर चालेल का?’ तर उत्तर देण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन तो त्रिकोण एकदा काढा. घरची माणसं आपल्या शब्दावर विश्वास ठेवतात. डिग्री मिळायच्या आधीपासूनच.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी